चीफ मयेकर आणि आमची लकाकी

रत्नागिरीतल्या मांडवीच्या रस्त्याने रोज सकाळी एक गडद निळी फियाट बाजाराकडे जायची आणि तिच्या बॉनेटच्या मधोमध दवाखान्यातल्या पांढऱ्या चिकटपट्टीची एक सरळ रेघ असायची. रेघेच्या डावीकडचा पत्रा एका तऱ्हेने चमकायचा आणि उजवीकडचा दुसऱ्या. कधी डावी बाजू लख्ख आणि उजवी अगदी मळकट. परगावचा माणूस थांबून बघायचा. त्याला वाटायचं, अपघात झाला असणार आणि पैसे संपले म्हणून अर्धाच रंग दिला असणार. गावातली माणसं मात्र हात दाखवून गाडी थांबवायची आणि विचारायची, "चीफ, या खेपेला डावीकडे काय?"

"मे महिन्यात विचारा," असं आतून उत्तर यायचं आणि गाडी पुढे निघून जायची.

चीफ म्हणजे दिनकर मयेकर. माझ्या माहेरच्या घराला लागूनच त्यांचं घर, मध्ये एक कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. त्यांची उमेदीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांवर गेली आणि चीफ इंजिनीयर म्हणून ते निवृत्त झाले. घरी परत आले तरी रत्नागिरीने त्यांचा हुद्दा काढून घेतला नाही. भाजीवाली बाईसुद्धा त्यांना चीफच म्हणायची. मी लहानपणापासून मयेकरकाका म्हणत आले आणि त्यांची बायको माझी सुमतीकाकू. त्यांचा एकुलता एक मुलगा अनिल पुण्याला नोकरीला होता, त्यामुळे गडग्यावरून इकडे येणारी आंबोळी आणि तिकडे जाणारं सोलाचं सार हे आम्हा भावंडांच्या हातूनच जायचं.

काका उंच होते, बोलायला सावकाश आणि ऐकायला त्याहून सावकाश. समोरचा बोलायचा थांबला तरी ते थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहायचे, अजून काही राहिलंय का म्हणून. नवख्या माणसाला घाम फुटायचा. पण त्यात धाक दाखवायचा हेतू नव्हता. इंजिनाच्या घरघरीत बोलणं नीट ऐकू येत नसे, त्याची ती सवय, असं काकू सांगायची.

गाडीच्या पॉलिशचा नाद त्यांना समुद्रामुळेच लागला. मांडवीला घर म्हणजे बारा महिने खारा वारा. दारावरची कडी गंजते, खिडकीचे गज गंजतात, तिथे गाडीच्या पत्र्याची काय कथा? निवृत्तीनंतर घेतलेली त्यांची पहिली गाडी दारात उभ्या उभ्या खलास झाली. दुसरी घेतली तेव्हा त्यांनी मुद्दाम गडद निळा रंग निवडला, कारण त्यावर लहानसा डागही लपत नाही. मग मुंबईला जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून, आखातातून सुट्टीवर येणाऱ्या मुलांकडून ते तऱ्हेतऱ्हेची पॉलिशं मागवायला लागले. एक इकडे, एक तिकडे, मध्ये चिकटपट्टी, आणि गाडी उन्हात, वाऱ्यात, तांबड्या धुळीत हिंडवायची. काकू म्हणायची, "जहाजावर होते तेव्हा निदान घरासमोर तमाशा नव्हता."

त्या काळी रत्नागिरीत गाड्या थोड्याच. डॉक्टर, वकील, आंब्याचे व्यापारी आणि स्टँडजवळच्या टॅक्सीवाल्यांच्या काय त्या. नवीन डबा बाजारात आला की हे सगळे काकांच्या मताची वाट बघायचे. काका मत लवकर देत नसत. "डबा फार बोलतो," ते म्हणायचे. "आपण पत्र्याला विचारायचं. पत्रा सावकाश बोलतो, पण खोटं बोलत नाही." आणि कोणी पहिल्याच आठवड्यात चमक बघून भाळला तर म्हणायचे, "पहिल्या दिवशी काय हो, नवरदेव पण चमकतो."

एकदा मुंबईहून एका कंपनीचा विक्रेता आला होता. टाय लावलेला, बोलायला चुरचुरीत. बाजारातल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानासमोर त्याने काकांच्या बॉनेटवर फडकं फिरवलं आणि जमलेल्या लोकांना आपापली तोंडं बघायला सांगितली. काकांनी शांतपणे त्याला जेवायला घरी बोलावलं. सुरमईचं कालवण, भात, वर सोलकढी. तो जेवत असताना गाडी समुद्राकडे तोंड करून उन्हात उभी. दुपारी काकांनी तांब्याभर पाणी आणून बॉनेटवर ओतलं आणि म्हणाले, "पाणी पडतं कसं ते बघू नको, जातं कसं ते बघ." पाणी थेंब होऊन ओघळलं नाही, पत्र्यावर पसरून बसलं. विक्रेत्याचा चेहरा पडला. काकांनी त्याला दुकानदारासमोर नेऊन त्याची फजिती केली नाही. त्याला एसटी स्टँडवर सोडलं आणि सांगितलं, "तुझा माल टाकाऊ नाही. पुण्याकडे कोरड्या हवेत चालेल. इथे विकू नको, लोक पुढच्या वेळी तुला दारात उभं करणार नाहीत." तो पोरगा नंतर कित्येक वर्षं त्यांना दिवाळीला शुभेच्छांचं कार्ड पाठवत असे.

हे सगळं मी हसत हसत बघत होते, कारण त्यात माझं काही गुंतलेलं नव्हतं. पुढे गुंतलं.

माझं लग्न लांज्याच्या विनायकशी झालं. ते लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट होते, तेव्हा आम्ही तिथेच जवळ राहायचो. पाळी संपली की कंपनीच्या बसमधून उतरायचे, आणि कपड्यांना येणारा वास मला अंगणातूनच कळायचा. त्या नोकरीत त्यांचा जीव रमत नव्हता. आपण स्वतः काहीतरी बनवावं, त्यावर आपलं नाव असावं, हे त्यांच्या मनात फार. आमची मुलगी नुकती चालायला लागली होती तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि लांज्याला परत येऊन घरामागच्या काजूच्या रिकाम्या शेडमध्ये गाडीचं पॉलिश बनवायला सुरुवात केली. कल्पना त्यांना कुठे सुचली असेल हे सांगायला नको. माहेरी आलो की ते तासन्‌तास त्या निळ्या बॉनेटकडे बघत बसायचे.

पॉलिशला नाव मी दिलं, लकाकी. मेण वितळवायचं काम त्यांचं, डबे भरून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम माझं. पहिला घाणा तयार झाला तेव्हा सासूबाईंनी एका डब्याला हळदकुंकू लावलं. रत्नागिरीचा तो गाड्यांच्या सामानाचा दुकानदार भला माणूस होता. त्याने डबा उघडून वास घेतला, झाकण लावलं आणि म्हणाला, चीफनी बरं म्हटलं की मी ठेवतो, टॅक्सीवालेही घेतील. विनायकना वाटलं, मग काय, अर्धं काम झालंच. आपल्याच घरचा माणूस.

काकांनी डबा घेतला, उलटसुलट करून बघितला, चिठ्ठीवरचं नाव मोठ्याने वाचलं आणि "नाव झकास आहे" म्हणाले. दुसऱ्या दिवशी बॉनेटवर नवी चिकटपट्टी आली. डावीकडे त्यांचं नेहमीचं पॉलिश, उजवीकडे आमची लकाकी. तेव्हा शिमगा नुकताच होऊन गेला होता.

पहिले काही दिवस आमची बाजू अशी चमकली की बाजारात लोक वळून बघायला लागले. दुकानदाराने आपणहून निरोप पाठवला, माल पाठवा म्हणून. काकांनी त्याला थांबवलं. एवढंच म्हणाले, अजून झालं नाही. विनायकना हे फार लागलं. हंगाम तोच होता. पावसाळा लागला की गाडी कोण पुसतंय? लांज्याच्या शेडमध्ये डब्यांच्या थप्प्या उभ्या, आणि एका म्हाताऱ्याच्या एका शब्दासाठी सगळं अडलेलं. ते मला म्हणाले, तुझ्या काकांना माणसांपेक्षा पत्रा जवळचा आहे. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

वैशाखात मी मुलीला घेऊन चार दिवस माहेरी गेले. भर दुपारी काका डोक्यावर छत्री धरून बाजारातून पायी येताना दिसले. हातात माशांची पिशवी, शर्ट पाठीला चिकटलेला. गाडी कुठे म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "गाडीला जरा विश्रांती." संध्याकाळी मी काकूकडे गेले. गाडी घराच्या मागच्या बाजूला माडाखाली उभी होती, वर जुनी चादर टाकलेली. काकूने इकडेतिकडे बघितलं आणि मला सांगितलं की पंधरवडाभर ते असेच चालत जातायत, पायाला फोड आलेत तरी ऐकत नाहीत.

मी चादर उचलली. आमच्या बाजूवर पांढुरकी साय धरली होती. तेलकटपणावर तांबडी धूळ अशी बसली होती की बोट फिरवलं तर खाली ओरखडा उमटत होता. डावी बाजू शांत, निळी, जशीच्या तशी. मी चादर पुन्हा नीट पसरली. काका त्या उन्हात पायी का हिंडत होते ते मला तेव्हा समजलं. ती बाजू बाजारात कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून.

काकू त्यांना विनवून थकली होती. म्हणत होती, एक शब्द तर बोलायचाय, पोरीचा संसार आहे, पुढचा माल सुधारतील ती मुलं.

मी लांज्याला परतल्यावर दोन-तीन दिवसांत काका एसटीने आमच्याकडे आले. असे न कळवता ते कधी आले नव्हते. सासूबाईंनी पन्हं दिलं, ते त्यांनी पूर्ण प्यायलं, माझ्या मुलीला मांडीवर घेतलं, मग तिला माझ्याकडे देऊन विनायकना म्हणाले, शेडमध्ये जाऊ या. मीही मागोमाग गेले. मेणाच्या वासात, त्या थप्प्यांसमोर ते उभे राहिले.

"विनायकराव, हे पॉलिश मी विकत घेणार नाही," ते म्हणाले. "आणि दुसऱ्याला घ्या म्हणून सांगणार नाही."

विनायकनी थप्पीवरचा एक डबा उचलला आणि परत ठेवला. मग त्यांचा तोल गेला. तुमची पेन्शन आहे, तुमचं सगळं झालंय, आम्हाला कुठून तरी सुरुवात करायची आहे, असं ते बरंच बोलले. काका ऐकत राहिले. शेवटी विनायक म्हणाले, "तुम्ही नातंसुद्धा बघितलं नाहीत."

"बघितलं ना," काका म्हणाले. "म्हणून तर लांज्याला आलो. नातं नसतं तर दुकानात सांगून मोकळा झालो असतो."

ते जेवायला थांबले नाहीत. मी त्यांना स्टँडपर्यंत पोचवायला गेले. वाटेत त्यांनी पॉलिशबद्दल एक अक्षर काढलं नाही. मुलीचे दात, काजूचं पीक, अनिलची बदली, असंच काहीबाही बोलत राहिले. एसटी आली तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माझ्यावर रागाव गो हवं तर. पण येत जा."

त्या पावसाळ्यात आमच्या घरात फारसं कोणी हसलं नाही. ते डबे विनायकनी कोणालाच विकले नाहीत. चिपळूणचा एक माणूस घ्यायला तयार होता, त्यालाही नाही म्हणाले. दिवसभर पडवीत बसून पागोळ्या बघायचे. लोट्याला परत विचारू का, एवढंच एकदा बोलले. मी म्हटलं, तुमच्या मनाला येईल तसं. मग श्रावणात एका सकाळी शेडमधून पुन्हा मेणाचा वास आला. मी चहा घेऊन गेले तर त्यांच्याभोवती छोट्या वाट्या मांडलेल्या आणि तोंडाने स्वतःशी काहीतरी चाललेलं. तेल जास्त झालं होतं, चमकेच्या लोभाने मीच वाढवलं होतं, असं त्यांनी मला सांगितलं. त्यांच्या आवाजात कित्येक आठवड्यांनी जीव आला होता.

गणपती झाल्यावर ते एकटेच मांडवीला गेले. काय बोलणं झालं ते त्या दोघांना ठाऊक. काकूने मला सांगितलं ते इतकंच की काका उठले, गाडीची किल्ली आणून विनायकच्या हातात दिली आणि म्हणाले, "बॉनेट कशाला, दारं घ्या, टप घ्या, सगळी गाडी घ्या. गाडी काय माझी मुलगी नाही."

त्यानंतर वर्षभर त्या फियाटची जी काही दशा झाली! प्रत्येक दारावर वेगळा घाणा, टपावर चार चौकोन, डिकीवर आणखी काही. कुठे लख्ख, कुठे सायीसारखं पांढरं, कुठे नुसती धूळ. लांबून ती गोधडीसारखी दिसायची. काका त्याच गाडीतून बँकेत जात, भाट्याच्या पुलावरून नातेवाइकांकडे जात. एकदा तर काकूच्या भाचीच्या लग्नाला तीच गाडी घेऊन गेले. वराकडच्या एकाने चौकशी केली की गाडीला काही झालंय का. काका म्हणाले, "नाही, परीक्षा चालू आहे." काकूने सबंध लग्नात गाडीच्या बाजूला पाऊल टाकलं नाही.

आता विनायक दर रविवारी मांडवीला जायचे. दोघं तांब्या घेऊन गाडीभोवती फिरायचे, पाणी ओतायचे, बघत राहायचे. बोलणं जवळजवळ नाहीच. त्या वर्षात माझ्या नवऱ्याने काकांची एक सवय उचलली. समोरचा बोलून थांबला तरी थोडा वेळ ते त्याच्याकडे बघत राहायला लागले. मला त्याचं हसू यायचं आणि बरंही वाटायचं.

त्यानंतरच्या मे महिन्यात काका स्वतः दुकानात गेले. मी तिथे नव्हते, दुकानदाराने नंतर सांगितलं. काकांनी लकाकीचा डबा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "घ्यायला हरकत नाही." दुकानदाराला वाटलं, पुढे काही बोलतील. काका निघून गेले. पण ज्यांना काका माहीत होते त्यांना त्या तीन शब्दांची किंमत माहीत होती. टॅक्सीवाल्यांनी माल उचलला, मग राजापूर, मग चिपळूण. आमची लकाकी कधी फार मोठी झाली नाही. मुंबईच्या कंपन्यांसमोर आम्ही कोण? पण त्या शेडवर आमचं घर नीट चाललं, आणि डबा परत घेऊन आलेला माणूस मी क्वचितच पाहिला.

आणखी काही वर्षांनी काकांची तब्येत ढासळली. जेवण तुटलं, वजन उतरलं. अनिलने पुण्याला नेऊन सगळ्या तपासण्या केल्या. पोटात गाठ होती आणि ती काढण्यापलीकडे गेलेली होती. अनिलने ठरवलं की बाबांना काही सांगायचं नाही, आईलाही नाही. त्यांना परत मांडवीला आणलं आणि अल्सर आहे, पथ्य पाळा, असं सांगितलं. मी तेव्हा माहेरी येऊन राहिले होते, मला मात्र त्याने गडग्यापाशी उभं राहून खरं सांगितलं, कारण कोणालातरी सांगितल्याशिवाय त्याला राहवेना. आणि मला शपथ घातली.

दोन दिवसांनी मी पेज घेऊन गेले तेव्हा काका खुर्चीत बसले होते. अनिल औषधं आणायला आणि काकू विहिरीवर गेलेली. भेटायला आलेले सगळे त्यांना म्हणत होते की चेहरा सुधारला, आता महिन्याभरात फिरायला लागाल. काकांनी पेजेची वाटी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"शैला, सगळे मला तजेला आलाय म्हणतात," ते म्हणाले. "तू काय म्हणतेस?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि ते त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने वाट बघत राहिले. मला अनिलची शपथ आठवत होती. काकांच्या मनगटाची हाडं दिसत होती. मी त्यांच्या पायाशी बसले आणि डॉक्टर जे म्हणाले होते ते सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

त्यांनी डोळे मिटले. बाहेर रहाटाचा आवाज येत होता. डोळे उघडून म्हणाले, "हिला मी सांगेन. तू नको." आणि मग वाटी पुन्हा उचलून पेज हळूहळू संपवली.

अनिल माझ्यावर फार चिडला. तुला हा अधिकार कोणी दिला, असं त्याने मला अंगणात सगळ्यांसमोर विचारलं. कित्येक रात्री मला वाटत राहिलं की मी एका आजारी माणसाची आशा काढून घेतली.

काका पावसाळ्याच्या तोंडाशी गेले, घरीच, काकूचा हात हातात असताना. तेरावं झाल्यावर मी काकूजवळ बसले होते. अनिल आतल्या खोलीत सामान आवरत होता. मला धीर होत नव्हता, तरी मी तिला विचारलं की माझं चुकलं का.

काकूने पदराने तोंड पुसलं. ती म्हणाली की लग्नानंतरची सगळी वर्षं ते समुद्रावर आणि ती इथे. परत आले तेव्हा गाडीत रमले. जहाजावरच्या गोष्टी त्यांनी तिला कधी सांगितल्याच नव्हत्या, नंतर सांगू, नंतर सांगू, असं चाललेलं. मी सांगून गेले त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ते तिला जवळ बसवून घ्यायचे आणि एकेक बंदर सांगायचे. कुठे बर्फ पडला, कुठे इंजीन बंद पडलं, कुठे तिच्यासाठी घेतलेली साडी वादळात भिजून गेली. हेदवीच्या गणपतीला दोघं भाड्याच्या टॅक्सीने जाऊन आली. तिथे पायरीवर बसून त्यांनी तिची माफी मागितली, एवढी वर्षं एकटी ठेवलं म्हणून.

"अनिलचं ऐकलं असतंस," काकू म्हणाली, "तर हे नंतरवरच राहिलं असतं गो."

आतल्या खोलीतला आवरण्याचा आवाज थांबला होता. अनिल दाराच्या चौकटीत येऊन उभा होता. आमच्याजवळ येऊन जमिनीवर बसला आणि त्याने आईला विचारलं, "मला सांगशील? अगदी पहिल्या बंदरापासून."

काकूने डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली.